फक्त चांगली बातमी

खांदा कॉलनीतल्या ‘उभारी’ पालक गटाचा नियम एकच होता: व्हॉट्सॲपवर फक्त चांगली बातमी टाकायची. कॅन्सर झालेल्या पोरांचे आईबाप आधीच खचलेले, त्यात आणखी भर नको. ज्यांचं मूल जायचं त्यांना गट चालवणाऱ्या कादंबरीताई अत्यंत मायेने गटातून काढायच्या. आधी जोडलेले हात, मग रिमूव्ह. रविवारच्या बैठकीतली त्या आईबापांची खुर्चीही उचलली जायची, कारण रिकामी खुर्ची बघून लोक घाबरतात.

विश्वजीतचा सात वर्षांचा अपूर्व दिवाळीआधीच्या मंगळवारी गेला. नातेवाईक ‘देवाची मर्जी’ म्हणून आपापल्या फराळाला लागले. प्लेटलेट्स म्हणजे काय हे न समजावता ज्यांच्याशी बोलता येईल अशी माणसं जगात तेवढ्या गटातच होती. बुधवारी विश्वजीतने गटावर टाकलं, ‘आज अर्धी इडली खाल्ली.’

बावीस बदाम आले.

मग अपूर्व झपाट्याने सुधारला. केस आले. वजन वाढलं. एका गुरुवारी तर त्याने वांग्याची भाजी मागून घेतली.

“त्याने जन्मात वांगं खाल्लं नाही,” विश्वजीतच्या मागून वाचणारी त्याची बायको रमा म्हणाली. “खोटंच लिहायचंय तर नीट लिही.”

विश्वजीतने पाठवण्याआधी वांगं खोडून भेंडी केली.

रविवारच्या बैठकीतही विश्वजीत तेच सांगायचा, आणि तीन महिन्यांत अपूर्व गटातला सगळ्यात ठणठणीत मुलगा झाला. जिवंत मुलांना ते जमत नव्हतं, त्यामुळे ती बोलणी खाऊ लागली. वीटभट्टीवर काम करणाऱ्या सोमीने एका बैठकीत सांगितलं, “मी दिपाला रोज बोलते, अपूर्व बघ कसा खातो. तुलाच काय धाड भरलीय?”

दिपा सहा वर्षांची होती. विश्वजीतला ते सहन होईना. तो कादंबरीताईंच्या घरी गेला आणि त्याने खरं सांगून टाकलं.

“माहितीये हो,” ताई म्हणाल्या. “हॉस्पिटलमधून तिसऱ्या दिवशीच कळलं. चहा घेणार ना?”

“मग मला काढलं कसं नाही?”

“काढणारच होते. पण खरं सांगू? सध्या गटात दुसरं कोणीच बरं होत नाहीये.” त्यांनी बिस्किटं पुढे सरकवली. “तुम्ही लिहिता छान. फक्त त्याला सायकलवर बसवायची घाई करू नका, लोकांना संशय येतो.”

“मला एकदा सगळ्यांसमोर सांगायचंय. तो गेला म्हणून.”

“सांगा की. मग मात्र नियम तो नियम.”

विश्वजीतने बिस्किट खाल्लं.

पुढच्या आठवड्यात दिपा गेली. सोमीने रडत व्हॉइस मेसेज टाकला. हात जोडले गेले, मग सोमी गटातून गेली. तिला वाचता येत नसल्यामुळे आपल्याला काढलंय हे तिला कळलंच नाही. रविवारी ती नेहमीसारखी आली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

“अपूर्वचे बाबा, तुम्हीच यांना जरा बाहेर न्या,” ताई कुजबुजल्या. “तुमचं ऐकतील.”

हॉलच्या पायऱ्यांवर विश्वजीतने तिला नियम समजावला.

“पोर व्हती तवा बोलाया मानसं लागत नव्हती एवढी,” सोमी म्हणाली. “आता लागतात, तर बाहेर काडतेत. आमी जायचं कुटं, दादा?”

विश्वजीतने आजूबाजूला बघितलं. कोणी नव्हतं.

“माझाही गेला,” तो म्हणाला. “दिवाळीआधीच.”

इतके दिवस सोमीने दिपाला काय काय ऐकवलं होतं, ते सगळं तिच्या तोंडावर एकेक करून येऊन गेलं. ओरडेल असं त्याला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मंग तुमी आत कसं काय?” तिने विचारलं. खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं. जमण्यासारखं असेल तर तिलाही हवं होतं.

दार किलकिलं झालं. “अपूर्वचे बाबा, या. सगळे थांबलेत.”

“बसा, आलोच,” असं सोमीला सांगून विश्वजीत आत गेला, आणि अपूर्वचा पुढचा दुधाचा दात पडल्याचं त्याने सगळ्यांना सांगितलं.