केशरबाईचं कार्ड

अमरावतीत तोवर कॉम्प्युटर कोणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, तरी अडुसष्ट साली एका बुद्धविहारात दर रविवारी दुपारी त्याचा वर्ग भरायचा. हसू नका. यंत्र नव्हतं, पण माणसं तर होती! गणिताचे धर्मपाल सर मुंबईच्या एका संस्थेत दहा दिवस शिकून आले आणि येताना सायक्लोस्टाइल पानांचा एक गठ्ठा घेऊन आले. गठ्ठा एकच. मग प्रत्येकानं एकेक धडा हातानं उतरवायचा आणि बाकीच्यांना शिकवायचा, असा रिवाज पडला.

यंत्राच्या जागी हे लोक स्वतःच बसत. सतरंजीवर पाच घरं, घरात एकेक माणूस, पुढ्यात एकेक कार्ड. कार्डावर लिहिलं असेल तेवढंच करायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. वसतिगृहातल्या मुलांचे मार्क चिठ्ठ्यांवर लिहिलेले असत. पहिल्या घरातला श्रावण चिठ्ठी उचलून आकडा पाटीवर घेई, दुसऱ्या घरातला शेषराव तो बेरजेत मिळवी, तिसऱ्या घरातली मैना किती चिठ्ठ्या झाल्या ते मोजून पाटी परत श्रावणकडे सरकवी. अशी पाटी फिरत राही. पाचव्या घरात स्वतः सर. शेवटी त्यांच्याकडे पाटी आली की ते सरासरी काढून फळ्यावर लिहीत.

चौथ्या घराला माणूस मिळेना, तेव्हा विहार झाडणाऱ्या केशरबाईला सरांनी बसवलं. तिला अक्षरओळख नव्हती. सर म्हणाले, "मावशी, चिठ्ठ्यांवर नजर ठेवा. संपल्या की पाटी अडवायची अन् माझ्याकडे द्यायची." केशरबाईनं हे काम असं चोख केलं की ती जागा कायमची तिचीच झाली. कोणी घाई केली की ती दटावायची, "थांब ना रे, दोन चिठ्ठ्या हायेत अजून. तुले कुठं गाडी पकडाची हाये?"

संस्थेनं कळवलं होतं, प्रत्येक वर्गानं एक प्रोग्राम लिहून पाठवा. बुधवारी सकाळी तो यंत्रावर चालवू, आणि नीट चालला तर त्या वर्गातल्या एकाला तीन महिने मुंबईत शिकायला घेऊ. सरांनी मैनाचं नाव दिलं, तिच्यामागे दुसरं श्रावणचं. मैना कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असलेल्या बुधाजीची थोरली, बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. पोरीला मुंबईला धाडायला बुधाजी आधी राजी नव्हता, आणि राजी झाला तो साऱ्या मोहल्ल्याला सांगूनच. मैनानं सगळ्यांची कार्डं गोळा केली, ओळीनं लावली आणि त्यावरून प्रोग्रामची सुरेख प्रत काढली. "मैनाचा कागद तपासायची गरज नाही," असं म्हणून सरांनी शनिवारी तो रजिस्टर टपालानं पाठवला.

रविवारी केशरबाई आली नाही. लेकीच्या बाळंतपणाला परतवाड्याला गेली होती. तिच्यावाचून काय अडतं, कार्डं तर आहेत, म्हणून सगळे बसले. चिठ्ठ्या संपल्या तरी श्रावण हात पुढे करूनच बसला.

"पुढची चिठ्ठी द्या."

"संपल्या ना बावा," शेषराव म्हणाला.

"माह्या कार्डावर चिठ्ठी घे म्हून लिवलं हाये. थांब म्हून कुठं लिवलं हाये? डोकं चालवाचं नाई, सरच सांगतेत."

सगळे पोट धरून हसले, सरही हसले. मैना मात्र हसली नाही. तिनं कार्डं मोजली. चार होती. पाच घरं आणि कार्डं चार! केशरबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिला सगळं तोंडी सांगितलेलं. तिचं कार्ड कधी कोणी लिहिलंच नव्हतं. आणि मैनानं मुंबईचा कागद काढला तो या कार्डांवरूनच. म्हणजे तिकडच्या यंत्राला थांबायचं कोणी सांगितलेलंच नाही. बाकीच्यांना याचा पत्ता नव्हता. मैनाच्या कागदात सगळं असणारच, हे ते धरून चाललेले.

शेषराव टपालात सॉर्टर होता. घरी जाताना तिनं त्याला विचारलं, "रजिस्टर वापस मागवता येते का, दादा?"

"ते तर कालच बदनेऱ्याहून मेलनं गेलं. आता दुरुस्ती करायची तर तार. अन् तीही सरांच्या नावानं, दुसऱ्या कोणाचं ते कावून ऐकतील? कावून इचारते वो?"

"काई नाई, असंच."

संध्याकाळी ती सरांच्या घरी गेली. सर बाहेर गेले होते. त्यांच्या पत्नी इंदूबाईंनी चहा दिला आणि कौतुकानं म्हणाल्या, "काल हे हेडमास्तरांले सांगून आले, आमची मैना मुंबईले चालली म्हून." मैनानं कप खाली ठेवला. सांगितलं तर सर काय म्हणतील? दुसरं नाव श्रावणचं होतं, ते पुढे जाईल. आणि बाबा? मोहल्ल्यात तोंड कसं दाखवतील? ती उठून घरी आली. सोमवारी फाटकापर्यंत गेली, आत सर बोलत असल्याचा आवाज आला आणि तिचे पाय वळले. भीती मोठी वाईट! शिकलेल्या पोरीला ती खोटी आशासुद्धा शिकवते. यंत्र शहाणं असेल, त्याचं ते थांबेल, असं मैना रात्रभर मनाला सांगत राहिली. यंत्र शहाणं नसतं, हे तिच्याइतकं वर्गात कोणालाच माहीत नव्हतं.

मंगळवारी दुपारी बुधाजी खांद्यावर पत्र्याची नवी पेटी घेऊन आला. पेंटरकडून वर मैनाचं नाव घालून आणलं होतं. ती पेटी पाहिली आणि मैना चप्पल न घालताच सरांकडे पळाली.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "रविवारी कावून नाही सांगितलं, बाई?" मग शर्ट अडकवून ते तारघराकडे निघाले. तार गेली तेव्हा दिवेलागण झाली होती.

आठ दिवसांनी मुंबईचं पत्र आलं. तार बुधवारी दुपारी पोचली होती. सकाळीच प्रोग्राम चालवला होता. तिकडे चिठ्ठ्यांऐवजी मार्कांची कार्डं असत; ती संपली तरी यंत्र पुढचं कार्ड मागत राहिलं, उत्तर छापलंच नाही, शेवटी ते हातानं बंद करावं लागलं. यंदा या वर्गातून कोणाला घेता येणार नाही.

रविवारी सरांनी ते पत्र वर्गात वाचून दाखवलं. केशरबाई आदल्याच दिवशी परतली होती. खांबाला टेकून ती सगळं ऐकत होती. वाचून झालं तशी हळू आवाजात म्हणाली, "मी लेकीकडे गेली म्हून झालं का हे, मैना? सांगतलं असतं तर नसती गेली मी."

मैनाला वर पाहवेना. हो म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. पण गप्प राहण्याची शिक्षा ती दोन आठवडे भोगत होती.

"नाई मावशी," ती म्हणाली. "तुमी इथं असत्या तरी हेच झालं असतं. आमी सगळ्यांचं लिवलं, तुमचं लिवलंच नाई. मुंबईच्या कागदात तुमचं घरच नव्हतं."

केशरबाईनं समोरच्या चार कार्डांकडे पाहिलं. मग सरांकडे, शेषरावकडे, श्रावणकडे.

"म्हंजे इतके रविवार," ती म्हणाली, "मी इथं बसलीच नोती म्हना."