पादऱ्याच्या बावीवरचं गाऱ्हाणं

रावजींची काठी पायरीवर एकदा वाजली आणि ऋत्विक थांबला.

"काय राहिलं?"

"उत्तरेचा राखणदार." घशाच्या ऑपरेशननंतर रावजींचा आवाज कुजबुजीएवढाच उरला होता. चूक झाली की काठी वाजवायची, असं काका-पुतण्यात ठरलं होतं.

ऋत्विकने नारळ पुन्हा दोन्ही हातांत धरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. उद्या गावच्या विहिरीवर, पादऱ्याच्या बावीवर, मार्गशीर्षातली राखण. गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचं काम रावजींच्या घरात होतं, आणि आता ते त्याच्यावर आलं होतं. काकांचा जुना आवाज मोबाइलवर होता. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत जाता-येता बसमध्ये तो कानाला लावून त्याने सगळं पाठ केलं होतं. कंपनीत तो केमिस्ट होता. नमुन्यात काही वेगळं दिसलं की थांबून बघायची त्याला सवय होती, आणि गाऱ्हाण्यातही एक ओळ त्याला वेगळी वाटायची. गुराढोरांची राखण, पोराबाळांचं रक्षण, भाताचं पीक, सगळं मागणं वर्षभराचं असे. शेवटाकडची एकच ओळ एका दिवसाची होती. आजच्या दिसापुरती भाकर दे.

"काका, इथे एवढंच का मागायचं? वर्षाचं मागायचं की."

"तसंच हाय ते. माज्या आज्यानं असंच शिकवलान."

ऋत्विकने नारळ खाली ठेवला. "आणखी एक विचारू? उद्या पादरीबाबाचं नाव गाळलं तर?"

दुसऱ्या नारळाचं सोडण काढणारे रावजींचे हात थांबले.

"का? त्यानं काय केलान तुजं?"

"त्याने काही नाही हो. रत्नागिरीहून त्या एस्तेरबाई येणार आहेत ना, चर्चच्या. बाबाच्या थडग्यावर नवा दगड बसवायचाय त्यांना. त्यांच्यात असा माणसाला नारळ ठेवत नाहीत. आणि बाबा स्वतः आयुष्यभर हेच सांगत फिरला, की हे सगळं सोडा."

"आनि ऐकलान कोणी?" रावजी हसले, मग खोकले. "लय बोलायचा म्हणतात. आज्जा सांगायचा, बाव खणत होते तेव्हा दुपारी जेवायला बसला तरी आधी डोळे मिटून बोलत राहायचा. रोजचा. सगळी माणसं भाकरी हातात घेऊन थांबायची."

"का थांबायची?"

"कातळात पाणी शोधायला आपल्याबरोबर उन्हात राबलेला माणूस, तो उपाशी, आनि आपण आधी खायचा? बरा दिसतो काय?"

माजघरातून तुळसाकाकी म्हणाली, "म्हणून तर त्याची बाव अजून आटत नाय. आनि तुमी नाव गाळायला निघालात."

रावजींनी नारळ ऋत्विकच्या पुढ्यात सरकवला. "तोंड आता तुजं हाय. तूच ठरव." ते उठले आणि आत गेले. एरवी दारात थांबून एखादी सूचना करत. आज थांबले नाहीत.

सकाळी एस्तेरबाई आल्या. निवृत्त शिक्षिका, पायांत कॅनव्हासचे बूट, हातात छत्री. ऋत्विक त्यांना बावीकडे घेऊन गेला. बावीच्या काठालाच जांभ्या दगडाचं बसकं थडगं होतं. बाईंनी त्यावरची पानं हाताने बाजूला केली, वर्गातलं टेबल आवरावं तशी.

"दगड तयार आहे. नाव आहे, सालं आहेत. खाली एका ओळीची जागा सोडलीय, त्यांच्या कामाबद्दल."

"काय लिहिणार?"

"तेच सुचत नाही. आमच्या चर्चच्या इतिहासात तुमच्या बाबांवर, म्हणजे हॉलमसाहेबांवर, तीनच ओळी आहेत. तिसरी अशी, की इतकी वर्षं राबूनही ह्या गावात एकही माणूस ख्रिस्ती झाला नाही. वरिष्ठांनी परत बोलावलं, तर गेले नाहीत. हट्टी होते." बाई हसल्या. "मला फार आवडतात."

"बाव खणली असं लिहा. अजून सगळा गाव हे पाणी पितो."

"बाव काय, कुणीही खणून दिली असती हो. ते इतक्या लांबून सांगायला आले होते. त्यांचं सांगणं वाया गेलं, त्याचं मला वाईट वाटतं." मग त्या थोड्या संकोचून म्हणाल्या, "तुमच्या कार्यक्रमात मी लांब उभी राहीन. प्रसादही घेणार नाही. राग मानू नका."

"नाही नाही. उलट..." तो पुढे बोलला नाही. त्याचं ठरलं होतं.

माणसं जमली. रावजी बावीच्या कट्ट्यावर टेकले, काठी गुडघ्यांमध्ये धरून. एस्तेरबाई लांबच्या फणसाखाली जाऊन उभ्या राहिल्या. ऋत्विकने नारळ उचलला, आणि सुरुवातीला जरा चिरकलेला त्याचा आवाज हळूहळू स्थिर झाला. ग्रामदेवतेचं नाव झालं, वेशीवरच्या देवाचं झालं, चारी दिशांचे राखणदार झाले. दर मागण्याला सगळे एका सुरात म्हणत होते, "व्हय महाराजा!"

बावीवरच्या बाबाची जागा आली. ऋत्विकने नाव घेतलं नाही. काठीकडे त्याची नजर गेली. काठी हलली नाही. दोन-तीन म्हाताऱ्यांनी मात्र एकमेकांकडे पाहिलं.

तो पुढे गेला. मुंबईला गेलेली पोरं, बोटीवरची माणसं, पोटुशी लेकीसुना. शेवट जवळ आला, आणि पाठ केलेलं आपोआप तोंडातून येऊ लागलं.

"आजच्या दिसापुरती भाकर दे, महाराजा. दुसऱ्याची चूक आमी पोटात घातली, तशी आमची तू घाल."

"आमेन."

"व्हय महाराजा" याच्या आधी, मागून, बाईचा आवाज. सगळ्यांच्या माना वळल्या. एस्तेरबाईंनी पदराने तोंड झाकलं होतं.

गाऱ्हाणं संपताच त्या छत्री तिथेच टाकून पुढे आल्या. "हे शेवटचं... हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"आज्यानं," रावजी म्हणाले.

"आणि त्यांना? मी लहानपणापासून दर रविवारी चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना म्हणत आलेय, ती हीच. शब्द थोडे वेगळे, पण हेच."

रावजींनी बोलायला तोंड उघडलं आणि ऋत्विककडे पाहिलं. ऋत्विक थडग्याकडे बघत होता.

"बाव खणताना," तो सावकाश म्हणाला, "ते जेवणाआधी रोज काहीतरी म्हणायचे. माणसं हातात भाकरी घेऊन थांबायची. ऐकत असणार."

एस्तेरबाईंनीही थडग्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "त्यांचं नाव नाही ह्यात?"

"आहे. आज मी गाळलं. तुम्हाला खटकेल म्हणून."

"खटकलं असतं. आमच्यात हे बसत नाही." त्यांनी डोळे पुसले. "हॉलमसाहेबांना तर अजिबात पटलं नसतं."

काठी वाजली. एकदाच.

ऋत्विकने दुसरा नारळ उचलला. एस्तेरबाई पुन्हा मागे गेल्या. पण ह्या वेळी फणसापर्यंत न जाता अलीकडेच थांबल्या. त्याने पादरीबाबाचं नाव घेतलं, आणि गावाने जरा जास्तच मोठ्याने म्हटलं, "व्हय महाराजा!"

नारळ फुटला. खोबऱ्याचे तुकडे हातोहात फिरू लागले. तुळसाकाकी ताट घेऊन एस्तेरबाईंसमोर आली आणि एकदम आठवून ओशाळली.

"बाय, तुमाला चालत नाय ना. मग असंच कसा पाठवायचा तुमाला?"

"भाकरी आहे का घरात?"

"हाय की. पण नुसतीच. कालवण व्हायचा हाय अजून."

"नुसतीच द्या."

काकी घाईने घरी जाऊन तांदळाची अर्धी भाकरी घेऊन आली. एस्तेरबाईंनी ती तळहातांवर घेतली, मान खाली घातली आणि डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते.

रावजींच्या हातातला खोबऱ्याचा तुकडा तोंडाशी जाता जाता थांबला. त्यांचं पाहून ऋत्विक थांबला, मग शेजारचे, मग त्यांच्या पलीकडचे. बाई डोळे उघडीपर्यंत बावीवर कोणीच घास घेतला नाही.