थांबणे होणार नाही

सातवीच्या वर्गाला 'नदीचे कार्य' हा धडा मी एकोणीस वर्षं शिकवत होते. धबधबा आला की खडू आडवा धरायचा, फळ्यावर वरून खाली एक जाड पांढरा पट्टा ओढायचा आणि तळाशी थोडे ठिपके द्यायचे. ठिपके म्हणजे तुषार. माझा धबधबा शाळेत चांगला मानला जात असे. एका इन्स्पेक्टरसाहेबांनी त्याबद्दल शेरा लिहून ठेवला होता.

शहात्तर सालच्या ऑगस्टमध्ये पहिल्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, "बाई, तुम्ही पाहिला का धबधबा?"

"हो," मी म्हटलं. "दोनदा."

एकदा म्हटलं असतं तरी भागलं असतं. दोनदा का म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही. पोरगी थांबेना. "आवाज कसा येते, बाई?" मी म्हटलं, "मोठा येतो," आणि फळा पुसायला घेतला.

मी जन्मात धबधबा पाहिलेला नव्हता. नागपुरात पाणी नळाला येतं, तलावात साचतं आणि पावसाळ्यात आमच्या नंदनवनच्या गल्लीत घोट्यापर्यंत उभं राहतं. उंचावरून पडत कुठंच नाही. खोटं बोलायची मला सवय नाही, त्यामुळे ते 'दोनदा' काही पचेना. त्या पोरीकडे पाहून हजेरी घ्यायचीसुद्धा मला लाज वाटू लागली. ऑक्टोबरात सहामाहीची उजळणी होती आणि तोच धडा परत येणार होता. त्याच्या आत मला एक तरी धबधबा पाहायचाच होता.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण ही गोष्ट त्याच्याशिवाय सांगता येत नाही. रुपराव सदर भागात एका कचेरीत हेडक्लार्क. माणूस भला. दोष एकच, की त्याला नातेवाईक फार आणि ते सगळे रस्त्याच्या कडेला राहतात. त्याचे चुलतभाऊ डॉक्टर चंपतराव धंतोलीत दवाखाना चालवत. त्यांच्याकडे फियाट होती आणि ती चालवायला रामाजी नावाचा अबोल ड्रायव्हर होता. मी स्वतः दवाखान्यात जाऊन, पेशंटच्या रांगेत बसून, माझा नंबर आल्यावर गाडी मागितली. चंपतरावांनी आधी माझी नाडी पाहिली. मग म्हणाले, "सव्वीस तारखेचा रविवार घ्या वहिनी. पण रात्री आठ वाजता गाडी दारात पाहिजे. मले विझिटले जा लागते."

धबधबा सावनेर, सौंसर ओलांडून पुढे घाटात होता. तिकडचे लोक त्याला नुसतं 'धार' म्हणत. रुपरावनं रस्ता ऐकला आणि त्याचा चेहरा पडला.

"रस्त्यात खैरी लागते," तो म्हणाला. "काकाजीचं गाव. मंग बोरगाव, गोपिकाचं. मंग सावळी, मामीचं. नाही थांबलो त बरं नाही दिसत."

"थांबलो तर धबधबाच दिसत नाही," मी म्हटलं. "सरळ जायचं, पाहायचं, परत यायचं."

दोन दिवस त्यानं विचार केला. तिसऱ्या दिवशी मी शाळेला निघताना तीन पोस्टकार्डं माझ्या हातात दिली आणि पेटीत टाकायला सांगितलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, उघडं कार्ड असलं तरी वाचू नये, असं मी मुलींना शिकवते. म्हणून मी न वाचताच ती टाकली. ही शिकवण मला फार महागात पडली.

रविवारी सकाळी सातला आम्ही निघालो. मी डबासुद्धा घेतला नव्हता, न जाणो खायला थांबावं लागेल. सावनेर मागे पडलं तेव्हा मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

खैरीच्या वळणावर रस्त्यात एक बैलगाडी आडवी उभी होती. बैल सोडून लिंबाखाली बांधले होते. गाडीपुढे धुतलेलं धोतर, कोट आणि टोपी घालून रुपरावचे काका नानाजी उभे होते. एक ट्रकवाला आमच्याआधीच अडकला होता. तो हॉर्न वाजवत नव्हता, कारण त्याच्या हातात चहा होता.

"या, या," काकाजी म्हणाले. त्यांनी कोटाच्या खिशातून पोस्टकार्ड काढलं. "पत्र भेटलं तुमचं. तुमाले टाइम नाही, घरापर्यंत येनं होनार नाही. म्हनून आमीच सडकीवर आलो. तुमाले तकलीप नको."

लिंबाखाली सतरंजी अंथरली होती. कार्ड मी तेव्हा वाचलं. 'आम्ही दि. २६ रोजी मोटारीने आपल्या गावावरून जाणार आहो. वेळेअभावी थांबणे होणार नाही. तरी राग मानू नये. मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.' अक्षर सुरेख होतं. हेडक्लार्कचं असतंच.

पाच मिनिटंच म्हणून आम्ही बसलो. पोहे आले. पोह्यांवर तर्री आली. मग शेवयांची खीर आली, कारण नुसतं तिखट खाऊन पाहुण्यानं जाऊ नये. मग चहा आला, कारण गोडावर जाऊ नये. मग काकाजींनी हात जोडून विनंती केली की गाडी एकवार मारुतीच्या देवळापर्यंत फिरवावी, गावात फियाट कधी आली नाही. रामाजीनं ती चार वेळा फिरवली. ट्रकवाल्यानं दुसऱ्यांदा पोहे घेतले. आम्ही निघालो तेव्हा अकरा वाजून गेले होते.

"हे काय केलंत?" गाडीत मी विचारलं. "सरळ निघून गेलो असतो तर कोणाला कळलं असतं?"

"कळते," रुपराव म्हणाला. "साठ साली मी बसनं खैरीवरून गेलो होतो. काकाजीले खिडकीत माझं डोक्सं दिसलं. सहा वर्षं बोलले नाही. म्हणून म्हटलं, आधीच माफी मागून ठेवावी."

"म्हणजे आ बैल मला मार," मी म्हटलं. त्यानं डोळे मिटून पोटावरून हात फिरवला. खीर त्याला जड झाली होती.

बोरगावला बैलगाडी नव्हती. तिथं गोपिका, त्याची चुलत बहीण, आरतीचं ताट घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती आणि रडत होती. रामाजीनं न विचारताच ब्रेक लावला.

"भाऊ दारावरून जाते अन् बहिणीच्या घरी पाय लावत नाही," ती म्हणाली. "लिवून कळवते वरून. काहून गा, माझं काही चुकलं का?"

रुपराव उतरून ताटापुढे उभा राहिला. पुरण पहाटेच वाटून तयार होतं. गोपिका एक पोळी तव्यावर असताना दुसरी ताटात वाढायची आणि तिसरीसाठी डोळे पुसायची. तुपाची वाटी रुपरावनं दोनदा हातानं झाकली, दोन्ही वेळा तूप हातावरून गेलं. जेवण झाल्यावर तिनं माझी ओटी भरली, मग शेजारणीनं भरली, मग तिच्या जावेनं भरली. एक कोहळा मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसवला. रुपराव पुढे बसला, कारण त्याला वाकता येत नव्हतं. तीन वाजत आले होते.

मी मनात वेळ मांडत होते. आठला धंतोलीत पोचायचं तर धबधब्यावरून पावणेपाचला निघायला हवं. सावळीपासून धबधबा फक्त चार मैल. तिसरं कार्ड गहाळ झालेलं असावं म्हणून मी देवाची मनापासून प्रार्थना केली. एरवी मी देवाला किरकोळ कामांसाठी त्रास देत नाही.

कार्ड पोचलं होतं. सावळीत मामाजी सडकेवरच गोवऱ्यांचा विस्तव करून बसले होते.

"रोडगे हायेत," ते आनंदानं म्हणाले. "आत्ताच लावले. तुमाले घाई हाय म्हनून इथंच लावले. घंटा-दीड घंट्यात होतात."

रोडगा म्हणजे कणकेचा गोळा, तो गोवरीच्या निखाऱ्यांवर भाजतो. त्याला घाई चालत नाही. वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. रुपराव ही गोष्ट जाणून होता. त्यानं बाजेवर बसून हळूच कमरेचा पट्टा सैल केला. मला त्याचा असा राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. गोवरीचा धूर लागला असं सगळ्यांनी समजून घेतलं. पावणेचार झाले होते. चार मैलांवर धबधबा पडत होता आणि मी सडकेवर उभी राहून कणीक भाजलेली पाहत होते. पुन्हा गाडी कोण देणार होतं? उजळणीला मी त्या पोरीसमोर तोच पट्टा ओढणार होते.

"मामाजी," मी म्हटलं, "घरचं एक माणूस पोटभर जेवलं तर तुमचा मान राहिला ना?"

"राहिला नं. काहून?"

"मग हे इथं बसतील. माझ्याही वाटचं जेवतील. मी धार पाहून येते."

रुपरावनं माझ्याकडे पाहिलं. पोळीच्या वेळी तुपाकडे पाहिलं होतं तसंच. मग बाजेवर नीट मागे सरकून बसला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, त्याला माझा आवाज ओळखता येत होता.

"एकटी बाईमानूस घाटात कशी जाईन?" मामाजी म्हणाले.

भागीरथामामी परातीपाशी बसली होती. साठीच्या पुढची, काटक, तोपर्यंत तिनं 'या' आणि 'बसा' एवढंच म्हटलं होतं. तिनं हाताची कणीक खरवडून काढली आणि उभी राहिली.

"मी जातो तिच्यासंगं," ती म्हणाली. "मी बी नाही पाह्यली धार."

मामाजींचा विश्वास बसेना. "चाळीस वर्सं झाले तुले या गावात!"

"कोनी नेलं?"

"अन् वांग्याची भाजी कोन पाहीन?"

"तुमी," मामी म्हणाली आणि गाडीचा दरवाजा कुठून उघडतो ते रामाजीला विचारलं.

मागच्या सीटवर ती, मी आणि कोहळा. वळणं सुरू झाल्यावर तिनं एका हातानं पुढची सीट आणि दुसऱ्या हातानं कोहळा धरला. तिच्या तळहातावर आडवा, चामड्यासारखा कडक पट्टा होता. मी पाहते आहे हे तिच्या लक्षात आलं. "आडाचा दोर," ती म्हणाली. "पंचावन्न हात खोल हाय आमचा आड. उन्हाळ्यात त विचारूच नको."

रामाजीनं गाडी घाटात एका झाडाखाली लावली आणि बोटानं पायवाट दाखवली. मामी अनवाणी, माझ्या पुढे उतरू लागली. आवाज आधी आला. मोठा होता. तेवढं तरी मी खरं सांगितलं होतं. मग झाडं संपली आणि समोर धार आली.

ती फळ्यावरच्यासारखी अजिबात नव्हती. एक सरळ पट्टा नव्हताच. पाणी तीन-चार ठिकाणी फुटून, कुठं पांढरं, कुठं तांबूस, मध्येच खडकाला अडून, वळून, परत उडी मारून खाली येत होतं. खालचा डोह सतत हलत होता. मी मनात म्हटलं, खडू आडवा धरून हे जमायचं नाही. वर टोक कुठं, उंची किती, खडक कोणता, हे पाहायचं मी ठरवून आले होते. वहीसुद्धा पर्समध्ये होती. ती काढावी म्हणून मी मामीकडे वळले, पर्स उतरताना तिनं घेतली होती.

मामी एका सपाट दगडावर बसली होती आणि पाण्याकडे टक लावून पाहत होती. मग तिनं विचारलं, "हे रात्री बी असंच चालते का वं?"

"हो, मामीजी."

"कोनी काढत नाही?"

"नाही. आपोआप पडतं."

"मंग हे जाते कुठं?"

"ओढ्यातून खाली. पुढे नदीला."

तिनं ओढ्याकडे पाहिलं, परत वर पाहिलं. दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले. "लगन करून आली, तवा मी सासूले म्हटलं होतं," ती म्हणाली, "लोक धार धार म्हनतात, एकडाव पाहून येऊ का? सासू म्हने, तिथं काई नाही. दगडं हायेत. मी म्हटलं, असन. चाळीस वर्सं मी बी सगळ्याईले तेच सांगतलं. सुना आल्या, त्याईले बी सांगतलं. तिथं काई नाही, दगडं हायेत."

तिनं मांडीवरचा एक हात उलटून तळहाताकडे पाहिलं.

"अन् सासूनं बी पाह्यली नव्हती वं," ती म्हणाली. "आत्ता माह्या ध्यानात आलं. ते कवा येनार इथं? आड त तिलेच ओढा लागे."

माझे डोळे परत भरून आले आणि या वेळी धूर नव्हता. एकोणीस वर्षं, वर्षाला चाळीस पोरी. मी खाली तिच्या शेजारी बसले आणि तिला सांगून टाकलं, की मीसुद्धा आजच पाहते आहे. शाळेत शिकवते, चित्र काढते, दोनदा पाहिलं म्हणून सांगितलंय, पण पाहते आहे ती आज.

मामीनं डोकं वळवून माझ्याकडे नीट पाहिलं. ती हसेल असं मला वाटलं होतं, ती हसली नाही.

"मंग पाह्य नं," ती म्हणाली. "माह्या तोंडाकडं काय पाहून राहिली?"

तिनं लुगडं वर खोचलं, सरकून मला जागा केली आणि पाय पाण्यात सोडले. मी चपला काढल्या. वरून रामाजीनं हॉर्न दिला, मग थोड्या वेळानं परत दिला. पाच वाजून गेले होते. आम्हा दोघींपैकी कोणीच उठलं नाही.