बादशाचं टक्कल

मित्रांनो, मी एक म्हातारा ससा आहे. ससा कसला, मादी आहे मी! पण केदारखेड्यात मला सगळे बादशा म्हणतात आणि ते नाव मला शोभतं, असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या जालन्यात मला विकणाऱ्याने माझ्या मालकांना, कल्याणभाऊंना, छातीठोकपणे सांगितलं होतं, "बिलकुल नर हाये, बिनघोर न्या." त्यांनी विश्वास ठेवला. त्यांच्या मुलीने, आकांक्षाने, माझं बारसं केलं. माझं अंग तेव्हा पांढरं शुभ्र होतं. घरी पाहुणे आले की ती चहाच्या आधी मला आणून दाखवायची.

त्या वर्षी कापूस भरपूर आला. चांगल्या भावाची वाट पाहत कल्याणभाऊंनी तो मागच्या खोलीत आढ्यापर्यंत रचला. उरलेल्या जागेत घरातली माणसं झोपायची आणि हिवाळाभर अंग खाजवत राहायची. मला त्याचं हसू यायचं.

मग मंठ्याला एक लग्न निघालं. तीन दिवस मला आकांक्षाच्या मैत्रिणीकडे, अर्पिताकडे ठेवलं. तिच्याकडे एक काळा ससा होता. दोघं नरच आहेत, राहतील एकत्र, असं मोठ्यांनी ठरवून टाकलं. मोठी माणसं असंच ठरवतात.

महिन्याभराने माझ्या छातीवर टक्कल पडलं. मग पोटावर, मग मांड्यांवर. मित्रांनो, ते केस गळले नव्हते. मी ते माझ्या तोंडाने उपटले होते, एकेक झुबका करून. मला पिल्लं होणार होती आणि त्यांच्यासाठी कापसाच्या ढिगात खळगा करून मी अंथरूण घालत होते. असं अंथरूण दुकानात मिळत नाही!

पण शेजारच्या गोजरबाईंनी मला उलटंपालटं केलं आणि म्हणाल्या, "खरूज हाये ही. तुमी सगळे खाजवू राह्यले ना, ते याच्यामुळंच."

आकांक्षाच्या आईने, वंदनाताईंनी, कडेवरच्या तान्ह्या बाळाचा पुरळ आलेला हात पाहिला. "मंग आता याला घरात ठेवणं न्हाई," त्या म्हणाल्या.

"सकाळी जल्दी जाऊन बांधावर सोडतो," कल्याणभाऊ म्हणाले.

"पप्पा, कुत्रे खातील ना त्याला!" आकांक्षा रडायला लागली. कल्याणभाऊ मान खाजवत उठून गेले.

सकाळी ते गोणी घेऊन आले. मी ढिगासमोर बसले होते. मागचे पाय आपटले, ओचकारलं, आयुष्यात पहिल्यांदा कुणाला चावले. तरी त्यांनी मला गोणीत घातलं. मला कुत्र्यांची भीती नव्हती. रात्रीच झालेली माझी सहा पिल्लं मागे राहत होती, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तेवढ्यात ढिगातला कापूस हलला.

कल्याणभाऊंनी वाकून हात घातला. लहानपणापासून कापूस वेचलेला हात तो. तो तिथेच थांबला.

"वंदना, ह्यो आपला कापूस न्हाई. लई मऊ हाये. अन् गरम हाये."

त्यांनी केस अलगद बाजूला केले. आत माझी सहा लेकरं, गुलाबी, डोळे मिटलेली. टकलाच्या बाबतीत त्यांनी मलाही मागे टाकलं होतं.

वंदनाताई बाळाला घेऊन खालीच बसल्या. "अगं माय, सोताचे केस उपटून लेकरांना पांघरलेस, अन् मी तुला घराबाहेर काढू राह्यले," त्या म्हणाल्या आणि रडल्या. त्यांनीच मला गोणीतून बाहेर काढलं.

दुपारी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी मला ठणठणीत ठरवलं आणि खाज कापसाची आहे, ढीग हलवा म्हणून सांगितलं. पिल्लांपुरता कोपरा सोडून बाकी कापूस विकला, तशी आठ दिवसांत सगळ्यांची खाज गेली. गोजरबाई तेव्हापासून माझ्यासाठी मेथीच्या काड्या आणतात, पण त्या दिवसाचं नाव काढत नाहीत.

माझे केस पुन्हा आले, आणि पुढे दोनदा मी ते पुन्हा उपटले. प्रत्येक वेळी कल्याणभाऊ गावभर सांगत फिरले. मला त्या टकलाचा आजही अभिमान वाटतो.

मित्रांनो, तुमच्या घरच्या जनावराचे केस गेलेले दिसले, तर आधी त्याला डॉक्टरांना दाखवा. माझी पिल्लं ढिगात आहेत, हे मी त्या सकाळी गोणीतून जीव तोडून सांगत होते. घरातली सगळी माणसं समोरच होती, आणि सगळ्यांना वाटलं की ससा नुसता धडपडतोय.