एका फांदीचे दोन तुकडे

झुमरादने तीन वस्तू काउंटरवर मांडल्या आणि औषधाच्या दुकानाचं दार आतून ओढून घेतलं. तेवढ्यानेच म्हाताऱ्या सुताराची, हमदम उस्ताची, मान खाली गेली.

"हे पॅड. थेंब थेंब गळत असेल तर पुरतं. ही शोषून घेणारी चड्डी. भरवशाची आहे, पण फुगते. आणि हे..." तिने आवाज उतरवला. "मोज्यासारखं चढवायचं, पुढे नळी जोडायची, पिशवी मांडीला बांधायची. माप मात्र तुमचं तुम्ही घ्या, उस्ता. ही कागदी पट्टी."

उस्ताने नळी उचलून डोळ्याला लावली, आरपार पाहिलं आणि ऑपरेशननंतर चार महिन्यांनी पहिल्यांदा हसला.

"अगं, हा तर सुमक झाला."

झुमरादलाही हसू आलं. पाळण्यात बांधलेल्या बाळाला लावायची लाकडी नळी म्हणजे सुमक. बाळाची लघवी तिच्यातून थेट खालच्या मातीच्या भांड्यात पडते. निम्मं मार्गिलान शहर उस्ताने कोरलेल्या सुमकावर वाढलं होतं, झुमरादसुद्धा. आणि आता उस्तालाच नळी लागत होती. रविवारी नातवाला पाळण्यात घालायचा सोहळा होता. आजोबा म्हणून त्याला पाहुण्यांत वरच्या गादीवर बसायचं होतं, आणि प्रोस्टेटच्या ऑपरेशनपासून तो कोणाच्याच गादीवर बसला नव्हता. त्याने नळी घेतली.

घरी लावून बघितली तर प्लॅस्टिकच्या जोडातून पाझरत होती. असलं काम उस्ताला बघवेना. नातवाच्या सुमकासाठी तोडलेल्या जर्दाळूच्या फांदीचा तुकडा उरला होता. त्याचा त्याने छोटासा पोकळ जोड कोरला आणि सुमकासारखाच चरबीत उकळून काढला.

बायको, ओयदिन, दारात उभी होती.

"एका फांदीचा सुमक एकाच बाळाला. तुमच्या वडिलांनीच शिकवलं होतं ना? दोन करायचे ते फक्त जुळ्यांना."

"मी काय बाळ आहे?"

ओयदिन हसली नाही.

रविवारी म्हाताऱ्या सुईणीने रीतीप्रमाणे बाळाला आधी उलटं ठेवलं, डोकं पायाकडे, आणि विचारलं, "बरोबर?" सगळे म्हणाले, "उलटं, उलटं." मग तिने त्याला सुलटं करून बांधलं. उस्ता चार तास गादीवर ऐटीत बसला. अकरा पियाले चहा झाला. संध्याकाळी पिशवी सोडली तर ती कोरडी होती.

दुसऱ्या दिवशीही कोरडी. ना कळ, ना तडस. बरा झालो, असं त्याने ठरवून टाकलं. नळी मात्र काढली नाही, उगाच विषाची परीक्षा कशाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी सून, मोहिगुल, पाळण्याखालचं भांडं घेऊन आली.

"बाबा, एवढंसं पोर, आणि हे भरून वाहतंय. एवढं तर दूधही पीत नाही तो."

उस्ताने वाकून पाहिलं. गडद पिवळं, आणि त्यात लाल धाग्याएवढी रेघ. त्या रेघेशी त्याची चार महिन्यांची ओळख होती.

तो पाळण्याशी गेला. बाळ रडत नव्हतं. ओठ सुकले होते आणि ते छताकडे बघत होतं, ऑपरेशनच्या टेबलावर माणूस बघतो तसं. मोहिगुलने भांडं परत खाली ठेवलं. टप. टप. प्रत्येक थेंबाबरोबर उस्ताचं ओटीपोट हलकं होत होतं.

मागच्या खोलीत जाऊन त्याने नळी उपसली. लाकडी जोड फडक्यात गुंडाळला आणि जर्दाळूच्या बुंध्याशी पुरला. मग तसाच झुमरादच्या दुकानात गेला.

"माप चुकलं का? दुसरी नळी देते."

"नळी नको. चड्डी दे."

"लोकांना कळेल, उस्ता."

"कळू दे."

घरी आला तेव्हा शेजारचा रुस्तमबेक नातू बघायला आला होता. उस्ता पाळण्याला टेकून बसला. पायजमा कमरेशी फुगला होता. रुस्तमबेकने तिकडे पाहिलं आणि नजर वळवली. उस्ताचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. चार महिने ज्या थेंबाला तो शिव्या देत आला, त्याचीच तो आता जीव मुठीत धरून वाट बघत होता.

टप. टप.

चहा आला आणि निवला. भिजू दे मला, तो मनात म्हणाला. सगळ्यांदेखत भिजू दे.

टप.

मग भांड्यात पुढचा थेंब पडला नाही. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं आणि भूक लागल्यासारखा टाहो फोडला. मोहिगुल धावत आली.

उस्ताच्या मांड्यांमध्ये हळूहळू ऊब पसरत होती. रुस्तमबेकने नाक मुरडलं आणि जरासा मागे सरकला.

"चहा निवला," उस्ता म्हणाला. "गरम आण गं, ओयदिन. भरपूर आण."