बोटभर पिनेचा गुन्हा

मी एक पिन बोलतेय. साडीची नव्हे, कागदाची तर नव्हेच. केरळच्या डोंगरातल्या एका जुन्या जलविद्युत केंद्रात टर्बाइनच्या पात्याला धरून बसलेली बोटभर लोखंडी पिन. बसलेली होते म्हणा! आता माझे दोन तुकडे झालेत. बोलतोय तो वरचा. खालचा सरकारी पाकिटात आहे.

मला औसेप्प फिटरने लेथवर घडवलं. मऊ लोखंड घेतलं आणि माझ्या कमरेभोवती मुद्दाम एक खाच पाडली. शेजारच्याला म्हणाला, "सोसवेल तेवढं ही सोसेल. त्यापुढे ताण आला की इथेच मोडेल, म्हणजे मोठं यंत्र वाचेल." जन्मतःच कुणी असा आशीर्वाद देतं का हो?

चक्राभोवती वीस पाती, प्रत्येकाला माझ्यासारखी एक. विजेची मागणी वाढली की पाती उघडायची, घटली की मिटायची. अकरा वर्षं मी हे इमानानं केलं. केंद्रप्रमुख सोमराजन सार पाहुण्यांना घेऊन यायचे, "हे आपलं काळीज," म्हणून जनित्र दाखवायचे. माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

मग तो ओणमचा आदला दिवस आला. दुसरं यंत्र दुरुस्तीला उघडलेलं, बाहेरून येणारी लाइन दरडीखाली गेलेली. सगळ्या खोऱ्याचा भार आमच्या एकट्यावर. सकाळी दहाला पाती मिटू लागली आणि माझं पातं मिटेना! आत काहीतरी अडकलं होतं. मी दात-ओठ खाऊन धरून ठेवलं. शेवटी खाचेतून कट्‌कन मोडले.

पातं मोकळं सुटलं, चक्र थरथरलं, घंटा ठणाणली आणि यंत्र आपोआप बंद पडलं. खोऱ्यातले सगळे मिक्सर थांबले. फोनवर फोन. एक बाई म्हणाली, "वीज कधी येईल ते राहू द्या, माझ्या अवियल भाजीचं खोबऱ्याचं वाटण कधी होईल ते सांगा!"

सोमराजन सार धापा टाकत आले. मला चिमटीत धरून म्हणाले, "हिने केंद्र बंद पाडलं? कुणी बनवली ही?"

"मी, सार," औसेप्प म्हणाला.

"कडक पोलादाची बनव. खाचबीच नको. जन्मात मोडता कामा नये!"

"बनवतो. ती नाही मोडणार, सार. पात्याचा दांडा मोडेल. नवा दांडा यायला आठ महिने."

"तू मला शिकवतोस?"

बाजूला बिंदुजा उभी होती. सहायक अभियंता, नोकरीला चार महिने झालेले. "सार, आधी आत बघून येते," ती म्हणाली.

"वेळ नाही! वरून फोन येतायत!"

"दुरुस्तीवर सही माझी लागणार ना, सार? मग बघितल्याशिवाय नाही करणार."

औसेप्पने तिच्या हाती बॅटरी दिली. "डोकं सांभाळा, मॅडम. आतल्या लोखंडाला तुमची पदवी दिसत नाही."

पाणी बंद करून आतलं उपसायला दोन तास गेले. बिंदुजा चिखलाने माखून बाहेर आली, तेव्हा तिच्या काखेत फणसाच्या लाकडाचा पाट होता, त्याला गंजलेलं दातेरी पातं. नारळाची खोवणी! कुणाच्या तरी घाटावरून वाहून आलेली.

औसेप्पला हसू आवरेना. "खोवणीनेच सगळ्यांचं खोबरं अडवलं की!"

"पण ही जाळीतून आली कशी, चेट्टा?" बिंदुजाने औसेप्पला विचारलं. चेट्टा म्हणजे दादा.

"पाण्याच्या बोगद्याच्या तोंडावरच्या जाळीचे दोन गज गळून पडलेत. तीनदा लिहून दिलंय मी सारांना."

सोमराजन सारांनी तेवढ्यात फोन कानाला लावला. तो वाजल्याचं मी तरी ऐकलं नाही.

औसेप्पने गज जोडले, माझ्या जागी तशीच मऊ, खाचेची पिन बसवली. चारला वीज आली. दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'बोटभर पिनेने ओणम नासवला.' सारांना अहवालात 'पिन सदोष' असं हवं होतं. बिंदुजाने लिहिलं, 'पिनेने आपलं काम चोख केलं. गज नव्हते.'

महिन्याभरात तिची बदली झाली, दूरच्या धरणावर पाण्याची पातळी मोजायला. निघताना औसेप्पने मला तिच्या तळहातावर ठेवलं. "पोरी, ही ने," म्हणाला. एरवी तो तिला मॅडम म्हणायचा. तिने मूठ बस सुटेपर्यंत उघडली नाही.

आता मी तिच्या खिडकीत पातळीच्या नोंदवहीवर बसते. वाऱ्याने पानं उडू देत नाही. माझा खालचा तुकडा तिरुवनंतपुरमला आरोपी म्हणून मोहोरबंद आहे. चौकशी चालू आहे म्हणे.

सोमराजन सार, तुमच्याकडे एकच मागणं. माझ्या जागची पोर नवी आहे. ती मोडली, तर आधी पाणी बंद करा, आत कुणाला तरी पाठवा. ओरडायचं ते मग चहा घेऊन निवांत ओरडा.