मधली

अप्पा बाथरूममध्ये घसरून पडले तेव्हा मुकुलने पहिला फोन वल्लरीला केला. ती कल्याणच्या ऑफिसात होती.

"ताई, अप्पा पडलेत. खुब्याचं हाड गेलं असं वाटतंय. आमच्या इथल्याच हॉस्पिटलात आणलंय. तू ये लगेच. आणि दादाला कळव."

"अरे, तूच कर ना त्याला. मी निघतेच."

"तू कळव," म्हणून मुकुलने फोन ठेवला.

डोंबिवलीला जाणाऱ्या रिक्षात बसून वल्लरीने ठाण्याला सौमित्रला, म्हणजे दादाला, फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मला का नाही केला त्याने?"

"दादा, अप्पांचं हाड मोडलंय."

"ते कळलं गं, निघालोच मी. पण त्याने का नाही केला?"

वल्लरीने बाहेर बघितलं. उत्तर तिघांनाही माहीत होतं. अप्पांच्या पंचाहत्तरीला ठाण्यात हॉल घेतला होता. मुकुलने चांगलं चार पानी भाषण लिहून आणलं होतं. तो अप्पांच्या नोकरीच्या दिवसांवर आला आणि बाजूने सौमित्र म्हणाला, "आवर रे मुकुल, जेवणं थंड होतायत." लोक हसले. मुकुलने पानांची घडी करून खिशात घातली आणि न जेवता घरी गेला. तेव्हापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. सौमित्रच्या हाताखाली बँकेत पन्नास-साठ माणसं, मुकुल इंजिनीअरिंगच्या मुलांना शिकवणारा. दोघांच्याही कानशिलांवर पांढरं आलेलं. मुकुल घरच्या ग्रुपमधून बाहेर पडला, म्हणून सौमित्रने त्याला वगळून दुसरा ग्रुप केला. भाऊबीज दोन वेळा व्हायला लागली, सकाळी ठाण्याला आणि संध्याकाळी डोंबिवलीला. वल्लरी दोन्हीकडे ओवाळायची आणि दोन्हीकडे विचारलं जायचं, "तिकडे काय म्हणतात?"

हॉस्पिटलात सौमित्र लिफ्टपाशी उभा राहिला. मुकुल पार दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या कूलरपाशी. मधे रिकाम्या खुर्च्यांची रांग.

डॉक्टर रुचिता म्हणून एक तरुण बाई होत्या. त्या म्हणाल्या, "दोघं एकदम आत या, समजावून सांगते."

"आधी त्याला येऊन जाऊ दे," सौमित्र म्हणाला.

डॉक्टरांनी वल्लरीकडे पाहिलं. "काही प्रॉब्लेम आहे का?"

"नाही, तसं काही नाही," वल्लरी म्हणाली. हे वाक्य ती आता झोपेतही म्हणू शकली असती.

डॉक्टरांनी तेच सगळं दोनदा सांगितलं. ऑपरेशन करावं लागेल, आणि वय बघता उशीर नको. सौमित्रच्या मनात अप्पांना ठाण्याला हलवायचं होतं, तिथले सर्जन त्याच्या ओळखीचे. मुकुलला इथेच हवं होतं, घर जवळ म्हणून. दोघांचंही तसं चूक नव्हतं. पण एकाने म्हटलं म्हणून दुसऱ्याला नको होतं, हे वल्लरीला त्या व्हरांड्यात दोघांमधे फेऱ्या मारताना दिसत होतं.

"त्याला सांग, अप्पा माझ्याकडे राहतात."

"त्याला सांग, मोठा मी आहे."

दुपारी डॉक्टर बाहेर आल्या. "उद्या सकाळचं ऑपरेशन ठेवायचं तर आत्ता सांगा. नाहीतर थिएटर दुसऱ्या पेशंटला द्यावं लागेल."

सौमित्र फोनवर कुणाशी तरी बोलत होता. मुकुल खिडकीबाहेर पाहत होता. वल्लरी आत गेली. अप्पांनी पलंगाची कड घट्ट धरली होती, आणि ओठ दाताखाली दाबून ते वरच्या पंख्याकडे बघत होते. "काय ठरलं गं?" त्यांनी विचारलं.

ती बाहेर आली आणि डॉक्टरांना म्हणाली, "इथेच करा. मी त्यांची मुलगी. सही कुठे करायची?"

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी तसं सांगितलं. जरा वेळाने वल्लरी कँटीनमधून तीन चहा घेऊन वर आली, तर दोघं भाऊ एका बाकावर शेजारी शेजारी बसलेले. आई असायला हवी होती, असं तिच्या मनात आलं. ती जवळ गेली.

"तसं नाही रे, पण आपल्याला विचारायला नको?" सौमित्र म्हणत होता.

"तेच ना, दादा. ताईचं हल्ली असंच झालंय. सगळं परस्पर ठरवते."

"आपण दोघं इथे बसलेलो असताना!"

तिला पाहून सौमित्रने मोबाइल काढला. मुकुलने तिच्या हातातून दोन कप घेतले, तिच्याकडे न बघता एक भावापुढे धरला. "घे दादा."

पुढचे काही आठवडे निरोप मुकुलच्या बायकोकडून, प्राचीकडून, यायला लागले. "ताई, मला सांगायलाही लाज वाटते. ते म्हणतायत, अप्पांची हॉस्पिटलची फाइल तुमच्याकडे आहे ना, ती परत पाठवा. रोज तासतासभर बोलतात हो दोघं फोनवर. तुमच्याबद्दलच."

वल्लरीला हसू आलं. मग बराच वेळ तिला ऑफिसात काही सुचलं नाही.

एका रविवारी ती अप्पांना भेटायला डोंबिवलीला गेली. मुकुलने दार उघडलं आणि पुन्हा हॉलमध्ये लॅपटॉपसमोर जाऊन बसला. अप्पा आतल्या खोलीत होते. त्यांनी तिला जवळ बसवून घेतलं.

"दोघं रागावलेत तुझ्यावर. एकदा सॉरी म्हणून टाक. तू समजूतदार आहेस."

लहानपणी कळव्याच्या दोन खोल्यांत बॅटवरून मारामारी झाली की आई हेच म्हणायची. मग वल्लरी आपला डाव सोडून द्यायची आणि घरात शांतता व्हायची.

"माझं चुकलं काय, अप्पा?"

"चुकलं नाही गं. पण त्यांना वाईट वाटलं ना."

"आणि मला?"

हा प्रश्न अप्पांनी कधी ऐकलाच नसावा. "तुला काय," ते म्हणाले आणि पांघरूण सारखं करू लागले.

"मी सॉरी म्हणणार नाही," वल्लरी म्हणाली. आवाज चढवायचीही ताकद तिच्यात नव्हती. "त्यांना बोलायचं असेल तेव्हा बोलू दे. पण आता एकाचा निरोप दुसऱ्याकडे नेणं मला जमत नाही. तुमचासुद्धा नाही."

अप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

वल्लरी बसून राहिली. अशा वेळी ती नेहमी काहीतरी बोलायची, चहा टाकू का, पाय चेपू का, समोरच्याला हसू येईपर्यंत. आताही शब्द तोंडाशी आले. तिने ते येऊ दिले नाहीत. बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

घड्याळाकडे बघून तिने वॉकर पलंगाजवळ सरकवला. "उठा. चालायची वेळ झाली."

अप्पांनी पाय खाली सोडले आणि वॉकर धरला. ती त्यांच्या बाजूने, हात न लावता, चालू लागली. हॉलमध्ये मुकुलने मान वर न करता टीपॉय बाजूला ओढला आणि वाट करून दिली. गॅलरीपर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. अप्पा धापा टाकत थांबले की तीही थांबत होती.